पश्चिमेच्या भिंतीकडे

१

पोरांनी पाय हलवलाच नव्हता, हे स्केटिंग शिकवणारे राजवीर सर आजही छातीवर हात ठेवून सांगतात.

स्केटिंग हॉलच्या उद्घाटनाचा फोटो काढायचा होता. पायात चाकं, डोक्याला हेल्मेट, अंगात क्लबचे नवे टीशर्ट, अशी सगळी पोरं हॉलच्या मधोमध रांगेत उभी केली होती. फोटोवाल्यानं "कुणी हलायचं न्हाय" असा दम भरला आणि पोरांनी श्वाससुद्धा धरून ठेवला. मग ती अख्खी रांग, हसऱ्या चेहऱ्यांसकट, झोपेत कूस बदलावी इतक्या अलगद पश्चिमेच्या भिंतीकडे निघाली.

लोक आधी हसले. कोल्हापुरात कुठल्याही समारंभाला थोडी गंमत लागतेच, आणि ही तर आयती मिळाली होती. पण पहिलं पोरगं भिंतीवर जाऊन आदळलं, त्याच्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, आणि हसणं तिथंच थांबलं.

शबनूर हातातला पेढा तसाच धरून बघत राहिली. उंच झरोक्यांतून सकाळचं कोवळं ऊन उतरलं होतं. पॉलिश केलेली कोटा फरशी तळ्यासारखी चमकत होती. पूर्वी हे गुळाचं गोदाम. भिंतींत मुरलेला गोड वास रंगाचे दोन हात देऊनही गेला नव्हता. त्या वासात, त्या उजेडात, पाय न हलवता तरंगत चाललेली पोरं. आपण जागे आहोत की नाही असा तिला क्षणभर प्रश्न पडला. तिचा स्वभावच तसा होता. भर बाजारात उभ्या उभ्या कुठंतरी निघून जायची आणि कुणी हाक मारली की परत यायची.

या वेळी हाक मारली ती हॉलचे मालक उदयसिंह यांनी, आणि तीही तिला नव्हे.

"जोतीराम! फरशी घातलीयास का घसरगुंडी रं?"

फरशीचा ठेकेदार जोतीराम घाम पुसत पुढं आला. "मालक, देवाशप्पत, लेझरनं लेव्हल काढलीया. चारी भिंतींवर रेषा पाडून खुणा केल्यात. आन् मशीन तर बाबालालचाचांनी तपासून दिल्यालं!"

सगळ्यांच्या माना शबनूरकडे वळल्या. बाबालाल म्हणजे तिचे वडील. शाहूपुरीत त्यांचं मोजमापाच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. कोल्हापूरच काय, कागल आणि हातकणंगल्याचे ठेकेदारसुद्धा नवं लेझर मशीन विकत घेतलं की आधी बाबालालच्या हाताखालून काढायचे. कंपनीचा कागद राहिला बाजूला, बाबालालनं "चालव" म्हटलं की मशीन चालवायचं, अशी रीतच पडून गेली होती.

"ताई, तुमच्या वडलांचा मान मोठा हाय," उदयसिंह शबनूरला म्हणाले. आवाज खाली आणला तरी तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला. "पण वय झालंय त्यांचं. नजर गेली आसंल. रविवारी आमची ठेकेदारांची बैठक हाय. मी तिथं सांगणार, आता बाबालालला घरी बसवा, त्येच्याकडं मशीन नेऊ नका. त्येच्या आधी तुम्हाला काय सांगायचं आसंल तर सांगा."

शबनूरनं पेढा परत ताटात ठेवला. तिला राग आला नाही, भीती वाटली. कारण वडिलांच्या नजरेची शंका गेले काही महिने तिलाही येत होती.

२

जोतीरामनं दुपारीच मशीन दुकानात आणून दिलं. जेवणाच्या डब्याएवढी पिवळी पेटी, पुढं काच, वर चालू करायचं बटण, बाजूला एक सरकती कळ. सगळ्या अंगावर सिमेंटची राखाडी धूळ बसली होती.

दुकानामागं लांब बोळ होता. एका टोकाला एक भिंत, दुसऱ्या टोकाला दुसरी. हीच बाबालालची तपासणीची जागा. आज मात्र शबनूर एकटीच उतरली. वडिलांना तिनं बोलावलं नाही आणि ते आपणहून आले नाहीत. आई, नजीरा, चहा ठेवून आत निघून गेली.

शबनूरनं मशीन अलीकडच्या भिंतीजवळ तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवलं आणि सवयीनं, न बघताच, बाजूची कळ उघडली. बोळाचा पडदा ओढला. अंधारात लाल रेषा उमटली आणि एक धूलिकण तिच्यात शिरून चमकला, मग दुसरा. तिनं दोन्ही भिंतींवर रेषेपाशी पेन्सिलीनं खूण केली. मग मशीन उचलून पलीकडच्या भिंतीजवळ नेलं आणि पुन्हा दोन्हीकडे खुणा केल्या. आता प्रत्येक भिंतीवर दोन दोन खुणा झाल्या. या भिंतीवरच्या खुणांमधलं अंतर आणि त्या भिंतीवरचं अंतर सारखं आलं तर मशीन खरं बोलतंय. कमीजास्त आलं तर खोटं. इतकी साधी परीक्षा.

तिनं पट्टी लावली. पुन्हा लावली. केसाचाही फरक नव्हता.

"काय निघालं?" आतून बाबालालचा आवाज आला.

"बरोबर हाय, अब्बा. अगदी बरोबर."

"आसंलच," ते म्हणाले. पण आवाजात आनंद नव्हता.

शबनूर मात्र खूश झाली. मशीन पिशवीत भरताना तिला एक गोष्ट दिसली. त्या राखाडी धुळीत, पेटीच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी फिरून आलेला करंगळीएवढा पट्टा स्वच्छ पिवळा होता. बाजूच्या कळेवरूनही तो तसाच गेला होता. कुणी बोट फिरवलं म्हणावं तर इतकं सरळ कोण फिरवील? तिनं थोडा विचार केला आणि तो विचार नेहमीप्रमाणे कुठंतरी वाहून गेला.

तिनं उदयसिंहांना फोन लावला. "मशीन बरोबर निघालं. माझ्या हातानं तपासलं."

मग उदयसिंह म्हणाले, "आज बरोबर हाय व्हय? मग माझी फरशी वाकडी का? ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण दुपारपास्नं मशीन तुमच्याच घरात हाय. तुम्हीच नीट केलंसा आन् आता बरोबर हाय म्हणून सांगतासा."

मशीन खरं निघालं होतं आणि त्यानंच अब्बांना जास्त गुन्हेगार ठरवलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलवर गेली तेव्हा राजवीर सर पायरीवर एकटेच बसले होते. पंचगंगेवरचं धुकं गल्लीत शिरलं होतं आणि सर हवा गेलेल्या फुग्यासारखे दिसत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पोरांना रस्त्यावर, पार्किंगमध्ये, जिथं मिळेल तिथं शिकवलं. छप्पर असलेली जागा पहिल्यांदाच मिळाली होती आणि तीच अशी निघाली.

"तुमच्याकडं जादा स्केट हायत काय?" शबनूरनं विचारलं.

सरांनी पोतंभर आणले. दोघांनी मिळून ते हॉलभर मांडले; काही मधोमध, काही चारी भिंतींलगत, काही कोपऱ्यांत. मग एकेकाला हलकंसं ढकललं. संध्याकाळी गुरं गोठ्याकडं निघावीत तसे सगळे रिकामे बूट पश्चिमेच्या भिंतीकडे निघाले. चाकांचा बारीक आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमत राहिला. शबनूर फरशीवर आडवी झाली आणि छताकडं बघत त्या आवाजात वाहत गेली.

वडील लहानपणी सांगायचे ते तिला आठवलं. मशीनचं माप बिघडलं की रेषा लांब जाईल तशी चढत जाते नाहीतर उतरत जाते, आणि ती सगळ्या दिशांना सारखीच चुकते. मशीनला उजवं-डावं कळत नाही.

ती ताडकन उठून बसली.

"सर, मशीन कुठं उभं होतं?"

"इथंच, मधी. इथनंच फिरवून चारी भिंतींवर खुणा केल्या की."

"मग बघा. मशीनचं माप चुकलं असतं तर चारी भिंतींवर रेषा सारखीच वर गेली असती. फरशी ताटासारखी झाली असती, काठ वर आणि मध्य खोल. मधोमध उभी केलेली पोरं जागची हलली नसती! रेषा खाली गेली असती तर पालथ्या परातीसारखी फरशी आणि पोरं चारी दिशांना पांगली असती. पण इथं एक बाजू वर आणि समोरची खाली. फळी कलली तशी."

सरांनी डोकं खाजवलं. "म्हंजी?"

"म्हंजी मशीन कललेलं उभं होतं आणि त्यानं स्वतःला सावरलं नाही. ह्याच्या पोटात एक लोलक लोंबत असतो. तिकाटणं थोडं वाकडं असलं तरी लोलक सरळ लोंबतो आणि रेषा सपाट पाडतो. त्या दिवशी लोलक अडकला होता."

"का अडकला?"

तेच तर तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "तुम्ही काम चालू असताना येत होता ना? तिकाटण्याला धक्का लागला काय कुणाचा?"

सर एकदम लाल झाले. "माझ्यावर आला व्हय संशय? येत हुतो, खरं हाय. कधी एकदा जागा हुतीया असं झालतं मला. पण लांबनंच बघायचो. लई भारी वाटायचं ताई. अंधार केल्याला, गुळाचा वास, आन् ती लाल रेषा भिंतीवर. मधनंच डोळं मिचकावायची."

"काय करायची?"

"मिचकावायची. जरा जळायची, फट्दिशी इझायची, परत जळायची. मला वाटायचं, माझ्याकडं बघून हसतीया."

शबनूरला पुढचं ऐकूच आलं नाही. कालच्या बोळात तिच्यासमोर रेषा एकदाही मिचकावली नव्हती.

४

जोतीरामचं घर गंगावेशीत होतं. अंगणात फरशी कापायचं कटर, पॉलिशचं मशीन, बादल्या, थापी असा सगळा संसार पसरला होता. जोतीराम शबनूरला बघून उठला, पण नजर चुकवून.

"चाचांचं नाव माझ्या तोंडातनं गेलं. मला झोप न्हाय त्यापायी. पण खरं त्येच सांगितलं की मी."

"खरं तेच सांगितलंस दादा. आणखी एक खरं सांग. रेषा मिचकावत होती?"

"व्हय! सेल उतरल्यात म्हणून मी सेल बदललं. नवं कोरं घातलं, तरीबी तशीच. म्हटलं, नवं मशीन हाय, आसंल त्येची सवय."

"अब्बांकडून आणलंस तेव्हा मिचकावत होती?"

जोतीराम आठवू लागला. "न्हाय. दुकानात चाचांनी लावून दावली तवा न्हाय मिचकावली. हॉलवर नेल्यावरच."

म्हणजे दुकान आणि हॉल यांच्यामध्ये काहीतरी घडलं होतं. शबनूरनं बाजूच्या कळेचं विचारलं. प्रवासात लोलक हिंदकळू नये म्हणून ती कळ असते. ती कुलपाकडं सरकवली की लोलक जखडला जातो. अशा वेळी वरचं बटण दाबलं तर रेषा पडते, पण सपाट पडेल याची खात्री नसते. म्हणून मशीन मिचकावून बजावतं, की बाबा, मी जखडलेलो आहे.

"कळ मी उघडीच ठेवली हुती," जोतीराम म्हणाला. "चाचांनी उघडून दिली तशीच. मी हात लावला न्हाय."

"दुसऱ्या कुणी?"

"आमच्या गड्यांस्नी ती कळ ठावकीबी न्हाय. मालक मशीनजवळ आलं न्हाईत. सर लांब उभं ऱ्हायचं. तिकाटणं मी त्येच्यावरच्या नळीतला बुडबुडा बघून लावलं, अंदाजानं. म्हटलं बाकीचं मशीन सांभाळतंय."

खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. शबनूर हताश होऊन अंगणाकडं बघत राहिली. उन्हात कटर पडलं होतं. त्याच्यावरही सिमेंटची धूळ. आणि त्या धुळीवर, कटरच्या गळ्याभोवती, पिवळा-भगवा दोरा घट्ट गुंडाळलेला होता, गुलालानं माखलेला.

तिनं पॉलिशच्या मशीनकडं बघितलं. त्यालाही दोरा होता.

"दादा, हा दोरा कुणी बांधलाय?"

५

"मी बांधते," धोंडुबाई म्हणाली. जोतीरामची आई पदर सावरत बाहेर आली होती. "जोतिबाचा हाय. नवं हत्यार घरात आलं की डोंगरावर जायाचं, देवाच्या पायाला दोरा लावायचा, गुलाल टाकायचा आन् हत्याराला बांधायचा. आमच्यात हायच तसं. मग आपल्या हातानं सोडायचा न्हाय. झिजून पडंल तवा पडंल."

"लेझर मशीनलाबी बांधलेला, मावशी?"

"मग! एवढं मोठं काम मिळाल्यालं पोराला. त्येला तर चार फेरं दिऊन बांधला, कच्चून."

शबनूर जमिनीवरच बसली. तिनं सोबत आणलेल्या पिशवीतून पिवळी पेटी काढून धोंडुबाईपुढं ठेवली. "कसा बांधला ते दाखवा."

जोतीरामनं आतून नवा दोरा आणून दिला. म्हातारीची बोटं सराईतपणे फिरली. दोरा त्या स्वच्छ पट्ट्यावर नेमका बसला. चौथ्या फेऱ्याला तिनं कचकन ओढलं आणि बाजूची कळ, काही आवाज न करता, कुलपाकडं सरकली. शबनूरनं ओट्यावरच्या सावलीत वरचं बटण दाबलं. भिंतीवर लाल रेषा पडली. पडली आणि मिचकावली.

धोंडुबाईला काय झालं ते कळलं नव्हतं, पण पोराचा चेहरा बघून काहीतरी मोठं झालं एवढं तिला कळलं.

"पण आई," जोतीराम म्हणाला, "काल मशीन चाचांकडं नेलं तवा दोरा नव्हता."

"मी सोडला. तू आंघोळीला गेलतास तवा."

"आपल्या हातानं सोडायचा न्हाय म्हणतीस, आन्..."

धोंडुबाई शबनूरकडं बघून अवघडली. "मशीन बाबालालच्या दुकानात जायाचं. त्येनं दोरा बगितला आसता तर काय केलं आसतं? सोडला तर आमच्या देवाचा मान मोडतोय म्हणून त्येला जड जायाचं. ठेवून काम करावं म्हटलं तरी जड जायाचं. कशाला त्या भल्या माणसाला कोड्यात टाकायचं? म्हणून देवाला हात जोडलं आन् मीच सोडला. माझं काय चुकलं व्हय पोरी?"

शबनूरला रडू आलं. ज्या मायेनं दोरा बांधला गेला त्याच मायेनं तो सुटला होता, आणि दोन्ही वेळा म्हातारीनं दुसऱ्याचाच विचार केला होता. "तुमचं काय चुकलं न्हाय मावशी," ती म्हणाली. "मशीन बोलत होतं, आमच्यातल्या कुणाला त्याची भाषा कळली नाही."

शनिवारी उदयसिंह दुकानात आले. शबनूरनं त्यांना धुळीतला पट्टा दाखवला, ताट आणि फळीतला फरक सांगितला, दोरा बांधून कळ सरकताना दाखवली. उदयसिंह मोठ्यानं बोलणारे असले तरी आडमुठे नव्हते. सगळं बघून त्यांनी पेटी हातात घेतली आणि कळ एकदा स्वतः सरकवून बघितली.

"म्हंजी बाबालालचाचांनी मशीन दिलं तवा ते सोळा आणे खरं हुतं."

"खरं होतं."

"मग बैठकीत मी दुसरंच सांगतो. आन् फरशी जोतीराम परत घालून देईल, पण लेव्हल चाचांनी स्वतः येऊन काढायची. सगळ्यांसमोर. मी गाडी पाठवतो त्यांस्नी."

आतल्या खोलीत बाबालालनं ते ऐकलं. शबनूर धावत सांगायला गेली तेव्हा ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. "जायलाच पायजे काय?" त्यांनी विचारलं.

६

फरशी उखडून झाली होती. झरोक्यांना ताडपत्र्या लावून भर दुपारी हॉलमध्ये तिन्हीसांजेसारखा अंधार केला होता. उदयसिंह, राजवीर सर, बैठकीतले चारपाच ठेकेदार दाराशी उभे होते. जोतीराम पुढं होऊन बाबालालच्या पाया पडला. बाबालाल पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते.

त्यांनी तिकाटणं उभं केलं. बोटांनी पाय चाचपले, स्क्रू फिरवले, पेटी बसवली, कळ उघडली. एकाही हालचालीत घाई नव्हती. शबनूरला अभिमानानं भरून आलं. त्यांनी बटण दाबलं, लाल रेषा थेट भिंतीपर्यंत गेली, आणि खिशातून पेन्सिल काढून ते स्वतःच खूण करायला भिंतीकडं चालत गेले. शबनूर त्यांच्या मागोमाग गेली.

भिंतीजवळ पोचल्यावर ते वळले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"शबनूर," ते हळूच म्हणाले, "रेषा कुठं पडलीया गं?"

रेषा त्यांच्या छातीवर पडली होती. पांढऱ्या शर्टावर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, लालभडक.

ज्या माणसाचा हात खरा आहे हे तिनं गावाला पटवून दिलं होतं, त्याची नजर खरोखरच गेली होती.

"कधीपास्नं, अब्बा?"

"लाल रंग आधी गेला. मग बारीक अक्षर. आता उजेडातबी धुकंच दिसतंय."

"मग जोतीरामचं मशीन कसं तपासलंत?"

"मी फिरवलं. खुणा तुझ्या अम्मीनं केल्या. तिला मी आधी सगळं शिकवून ठेवलं." त्यांनी परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या पोरासारखं विचारलं, "बरोबर आल्या हुत्या न्हवं?"

"केसाचाबी फरक नव्हता, अब्बा."

दाराकडून उदयसिंहांचा आवाज आला. "काय अडचण हाय काय, चाचा?"

बाबालालनं मान खाली घातली. शबनूरच्या मनात आलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण खोटं बोलून वाचवलेलं नाव अब्बांच्या कामाचं नव्हतं. तिनं त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली:

"अडचण न्हाय. अब्बांना रेषा दिसत न्हाय. मशीन तेच लावतील, खुणा मी करीन. आमच्या दुकानात आता असंच चालणार. चालंल तुम्हाला?"

ठेकेदार एकमेकांकडं बघत राहिले. मग उदयसिंहांनी पायातली चप्पल काढून बाजूला सारली आणि होते तिथंच खाली बसले. "सावकाश करा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला कोल्हापुरात कुणी ऐकला नव्हता. बाकीचेही एकेक करून बसले.

बाबालाल भिंत चाचपत, मग हवा चाचपत मशीनपाशी परत गेले. पेटी फिरवण्यासाठी त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"सांग," ते म्हणाले.

"जरा डावीकडं, अब्बा," शबनूर म्हणाली आणि तिनं पहिली खूण केली.